मागच्या बाकावरचे काका

दोऱ्याने बांधलेली चष्म्याची काडी.

पर्समध्ये खडू, डस्टर आणि पाण्याची बाटली. तासिका तत्त्वावरच्या बाईंना विद्यापीठ कपाट देत नाही.

एकाच बसमधून, पण एक पुढच्या आणि एक मागच्या दाराने उतरणारी दोन माणसं.

रोज जेवताना ताटावरून येणारा आवाज : "मॅडम, मीठ कमी पडलंय."

आणि संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग. त्याला पंधरा डोकी लागतात. एक कमी झालं की वर्ग बंद आणि बाई घरी.

पंधरावं डोकं बाईंच्या वडिलांचं होतं.

वर्गात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते मागच्या बाकावर बसत आणि पोटच्या पोरीला मॅडम म्हणत. जिभेला इतकं वळण पडलं की घरीही मॅडमच सुरू झालं. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. त्याला या वयात इंग्रजीचं काय लोणचं घालायचं होतं? पण पोरीला दुसरी नोकरी नव्हती. वर्गात बोललेलं त्यांच्या डोक्यावरून जाई, तरी ते एकही तास चुकवत नसत.

वर्गाने मात्र काकांना फार वर चढवून ठेवलं होतं. काकांचा गृहपाठ कधी चुकत नसे. चुकणार कसा, तो बाईंच्याच समोर, घरच्या टेबलावर व्हायचा. नर्सबाई आपली वही देण्याआधी काकांच्या वहीशी ताडून बघत. टॅक्सीवाला तर उघडच सांगायचा, काका पास तर आपण पास. एका 'मॅडम'पलीकडे काका वर्गात तोंड उघडत नसत, त्याचाही अर्थ वर्गाने लावून ठेवला होता : हुशार माणसं कमीच बोलतात.

त्या संध्याकाळी विभागप्रमुख न कळवता आले. टेबलाच्या कडेला टेकले आणि इंग्रजीतून बोलू लागले. भराभर, हसत, मधूनच एखादा विनोद करून स्वतःच दाद देत. पुढच्या सत्रापासून हा वर्ग संगणकावर होणार होता. धडे आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेले असतील, ज्याने त्याने सवडीने ऐकावेत. वर्गात शिकवायला कुणी असण्याची गरज उरणार नाही. पण विद्यापीठाला कुणावर काही लादायचं नाही. एकानेही नको म्हटलं, तर वर्ग आहे तसाच चालेल. ज्यांना मान्य आहे, त्यांनी हात वर करावेत.

वर्गातली माणसं साहेबांचा विनोद झाला की हसत होती, आणि तो कधी झाला हे साहेबांच्या चेहऱ्यावरून ठरवत होती.

बाई पुढे झाल्या. साहेब काय म्हणतात ते जरा आपल्या भाषेत सांगते, म्हणाल्या.

"छे, छे, मॅडम. इंग्रजीचा वर्ग ना हा?" विभागप्रमुख आपल्या भाषेत म्हणाले. "एवढंही समजलं नाही, तर मग तुम्ही शिकवलंत काय?"

बाई फळ्यापाशी मागे सरल्या.

कुणी हललं नाही. नर्सबाईंनी टॅक्सीवाल्याकडे पाहिलं, टॅक्सीवाल्याने मागे. मग एकेक करत सगळ्याच माना मागच्या बाकाकडे वळल्या.

काकांनी हात वर केला.

बाईंनी मान हलवली. नाही म्हणून, पण विभागप्रमुखांना दिसणार नाही इतकीच. वडिलांनी ते पाहिलं. आपला हात नीट दिसत नसेल असं वाटून त्यांनी तो आणखी ताणला. शर्टाची बाही कोपरापर्यंत घसरली. बाबा, हात खाली घ्या. तीन-चार शब्दांचं काम होतं, आणि त्यातला पहिलाच शब्द या खोलीत उच्चारायची सोय नव्हती.

नर्सबाईंचा हात वर गेला. टॅक्सीवाल्याचा गेला. काका चुकायचे नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. बघता बघता पंधराही हात वर झाले.

विभागप्रमुखांनी मोजलेसुद्धा नाहीत. "एकमत," ते उठत म्हणाले. "किती छान तयार केलंत यांना."

बाईंनी आभार मानले. इंग्रजीत.

मग उरलेला तास त्यांनी पुरा केला. अनोळखी गावात रस्ता कसा विचारायचा, हा धडा होता. सगळ्यांनी मोठ्याने म्हटला.

बसथांब्यावर दोघं नेहमी एकमेकांना अनोळखी असल्यासारखी, मध्ये चार माणसांची जागा सोडून उभी राहत. आज वर्गातलं कुणी नव्हतं. वडील सरकत सरकत जवळ आले.

"आज मी हात वर केला," ते म्हणाले.

"हो बाबा. बघितलं मी."

"साहेब काही जवळ आले नाहीत पण."

बाईंनी त्यांच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून घेतला. काडीचा दोरा सैल झाला होता. त्यांनी तो दाताने धरून पुन्हा घट्ट बांधला. बस आली, तेव्हा दोघं एकाच दाराने चढली.

पहिल्या दिवशी घरून निघताना वडिलांनी विचारलं होतं, वर्गात काही समजलं नाही तर काय करायचं. हात वर करायचा, असं बाईंनी सांगितलं होतं.