सुपारीचंही व्यसन नाही

मुलगी बघायला आलेला मुलगा पोह्यांची बशी खाली ठेवून म्हणाला, "सुपारीचंही व्यसन नाही, असं आईने बायोडेटात लिहिलंय. पण गांजा मी दोनदा ओढलाय. तो कायदेशीर व्हावा, असं माझं मतही आहे."

"याला खरं बोलायचंच व्यसन आहे," त्याची आई कळवळून म्हणाली.

मुलीचे वडील धनाजीराव तळहातावर तंबाखू मळत होते. "व्यसनी माणसाला आम्ही मुलगी देत नाही," असं म्हणून त्यांनी बार भरला.

धनाजीरावांच्या शर्वाणीला मुलगा आवडला होता. आजवरच्या स्थळांत खरं बोलणारा हा पहिलाच. "बरं बाबा, निर्व्यसनीच बघा," ती म्हणाली. "पण मग तशा मुलालाही सासरा निर्व्यसनीच लागेल. आजपासून तुमची तंबाखूची डबी माझ्याकडे." तिने हात पुढे केला.

धनाजीरावांनी डबीकडे पाहिलं. ते उठले, खिडकीतून थुंकून आले आणि मुलाशेजारी बसले.

"तसं बघितलं तर गांजा ही वनस्पतीच," ते म्हणाले. "आणि कुणी काय ओढावं, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पोहे संपवा. साखरपुडा कधी धरायचा?"

मग त्यांनी डबी खिशात घातली आणि वरून बटण लावलं.