चुकलेला आकडा

“अप्पा, ओटीपी आला का?” आतल्या खोलीतून मृदुलाने विचारलं.

आला होता. पुण्याच्या नामांकित कॉलेजचा नव्हे, गावातल्याच कॉलेजच्या ऑनर्स प्रवेशअर्जाचा. इथली फी नावापुरती होती. पुण्याच्या फीसाठी अप्पांनी प्लॉट विकायचं ठरवलं होतं, पण लेकीने परस्पर गावातलं कॉलेज निवडलं होतं. आई गेल्यापासून घरात दोघंच. अप्पांना एकटं टाकून तिचा पाय निघत नव्हता.

अप्पांनी चष्मा पुसला आणि सहा आकडे वाचून दाखवले.

“चुकीचा दाखवतोय. परत सांगा.”

त्यांनी परत सांगितले. तिसऱ्यांदाही तेच झालं, आणि ऑनर्सचं पान बंद झालं. मुदत आजचीच होती.

मृदुला बाहेर आली. फोन घेऊन तिने मेसेज वाचला. “अप्पा, तीस वर्षं वीज कंपनीसाठी घरोघरची मीटरं वाचलीत तुम्ही. कधी एक आकडा चुकला?”

“आज चुकला. आता पुण्याचा अर्ज भर.”

तिने फोन त्यांच्या हातात परत दिला.

ती आत गेल्यावर त्यांनी दाराशेजारच्या मीटरकडे पाहिलं. पुढच्या महिन्यापासून रीडिंग निम्म्यावर येणार होतं.