खाडीची वाट

दहाव्या दिवशी अख्खं गाव खाडीकाठी पिंड घेऊन बसलं होतं. फिरंग्यांच्या तोफांनी घरटी एक माणूस नेलं होतं. सगळ्यांच्या पिंडांना कावळे शिवले, माझ्या बायकोच्या पिंडाला कावळा शिवेना.

“भावोजी, तिचं काहीतरी राहिलंय. कबूल करा,” मेहुणा म्हणाला.

“पोरीला जपेन,” मी म्हणालो. कावळा जागचा हलला नाही.

तो कशासाठी अडलाय, ते मला ठाऊक होतं. गेल्या साली फिरंग्यांचं एक जहाज पाणी मागत आलं, तेव्हा वाळूच्या दांड्यांमधून खाडीत शिरायची वाट मीच दाखवली. दर्यावर वाट विचारणाऱ्याला आम्ही नाही म्हणत नाही. त्यांचा एक माणूस ती कागदावर उतरवत होता. यंदा त्यांची गलबतं दिसली, तेव्हा बायको म्हणाली, “डोंगरात पळू या.” मी म्हणालो, “घाबरतेस कशाला? वाळूत रुततील.” ती माझ्यावर विसंबून थांबली. गलबतं कागदावरच्या वाटेनं सरळ आत आली.

“आणखी काही?” मेहुण्यानं विचारलं. त्याचा थोरला मुलगाही त्याच दिवशी गेला होता.

“काही नाही,” मी म्हणालो.

भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.