शून्यांपलीकडची घोषणा

अलीझाचा प्रोग्रॅम पुन्हा पहिल्याच घोषणेपाशी अडला. "उदगीरला जाणारी गाडी फलाट तीनवर लागली आहे." पुढं काहीच नाही.

विष्णुपुरीच्या कॉलेजातल्या लॅबमध्ये तिचे अब्बा, पाशामियाँ, शेजारी बसले होते. अहमदपूरच्या बसस्थानकावर त्यांनी सव्वीस वर्षं घोषणा केल्या. सहा महिन्यांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच्या घोषणा त्यांनी माईकच्या मशीनवरून एका कार्डावर उतरवून घेतल्या होत्या. पुढं ते कार्ड बिघडलं, वाजेना. परवा त्यांनी ते लेकीच्या हातात कोंबलं. अख्ख्या स्टँडाला आवाज ऐकवलेल्या माणसाला तो एकदा स्वतः ऐकावासा वाटला, तर त्यात नवल काय, असं तिला वाटलं.

तिच्या जिवाला घोर वेगळाच होता. पुण्याची नोकरी ऑपरेशनच्या आधीच मिळाली होती आणि आज संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. घरात दोघंच. मुक्या बापाला एकटं टाकून जायचं कसं? तिनं नकार पक्का केला होता. फक्त अब्बांना सांगायचा धीर होत नव्हता.

माईक सुरू झाला की मशीन कार्डावर एक ठरावीक बाइट टाकायचं. अलीझाच्या प्रोग्रॅमला तो सापडला की घोषणा सापडली. तिला प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या शिवकांता मॅडम स्क्रीनवर वाकल्या.

"बाइट शोधायला स्ट्रचर फंक्शन वापरलीस व्हय? शून्य दिसलं की त्याला वाटतं, संपलं सगळं. तुझे अब्बा मधी मधी माईक बंद करायचे का?"

पाशामियाँनी जोरात मान हलवली. आपला खोकला प्रवाशांच्या कानी जाऊ नये, म्हणून प्रत्येक घोषणेनंतर ते माईक बंद करत. बंद माईक म्हणजे कार्डावर नुसती शून्यं.

"मंग मेमचर घे. किती लांब बघायचं ते सांग. तेवढं झाल्याबिगर ते थांबत न्हाई, मधी कितीबी शून्यं येऊ दे."

तिनं बदल केला. घोषणा धडाधड सापडू लागल्या. लातूर, भोकर, देगलूर. मग शून्यंच शून्यं.

"झालं अब्बा, इतकंच हाय," म्हणत ती प्रोग्रॅम बंद करायला गेली. त्यांनी तिचं मनगट धरलं.

स्क्रीनवर आणखी एक बाइट उमटला. स्पीकरमधून तोच खणखणीत आवाज आला.

"पुण्याला जाणारी गाडी फलाट एकवर लागली आहे. अलीझा पाशामियाँ यांनी गाडीत बसून घ्यावं. अब्बांसाठी खोळंबू नये. ही घोषणा पुन्हा होणार नाही."