राखून ठेवलेली जागा

"ही काळी खूण कशाची?" थडग्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवीत विटमोरसाहेबाने इंग्रजीत विचारले. ईश्वरदासाने तो प्रश्न रुख्माच्या बोलीत करून तिच्यापुढे ठेवला.

"तीट हाये," रुख्मा म्हणाली. "नजर लागू नाई म्हणून."

"चाळीस वर्षं झाली मातीत जाऊन. आता कोनाची नजर लागते, माय?"

हे आपले शेवटचे बोलणे मात्र ईश्वरदासाने साहेबाला सांगितले नाही. साहेबाने तीट पाहिली आणि टोपी काढून हातात धरली.

गोंदियाच्या रेल्वे वसाहतीमागचे ते चर्च लहानसे, कौलारू, एका घंटेचे होते. सातपुड्याकडे जाणारी छोटी लाइन टाकायला आलेल्या गोऱ्या माणसांनी ते बांधले होते. आता इंग्रज जाणार हे ठरल्यासारखे होते आणि त्या हिवाळ्यात रविवारीही बाके रिकामी राहत. ईश्वरदास चर्चची राखण करी. पाद्री आला नाही तर प्रार्थनाही तोच म्हणे.

रुख्मा चर्चच्या आत कधी गेली नव्हती. कुडव्याहून पायी येऊन ती फाटकातून थेट मागे जाई, आंब्याखालच्या त्या एकुलत्या थडग्याशी. पाचोळा झाडी, झेंडूची फुले ठेवी आणि मग बसून राही. नवरा फार पूर्वी गेला होता, पुढे मूलबाळ झाले नव्हते. घरी तिच्याशी बोलायला भिंतींखेरीज कोणी नव्हते. इथे ती बोलत असे.

"कोनासंग बोलून राहिली?" ईश्वरदास तिला चिडवी. "पोरगी इंग्रज. तुले कुठं इंग्रजी येते?"

"माह्या दुधावर वाढली. तिले सारं समजते."

दुधाची गोष्ट खरी होती. दगडावर जिचे नाव होते ती मार्गारेट जन्मली तेव्हा तिची आई, मेमसाहेब, अंथरुणाला खिळलेली होती. रुख्माच्या मांडीवर तेव्हा तिची स्वतःची मुलगी होती, तेवढीच. रुख्मा दोघींना पाजू लागली. पुढच्या उन्हाळ्यात हैज्याची साथ आली आणि दोघी मुली एकाच दिवशी गेल्या. एकीला आतून पत्रा मढवलेली सागाची पेटी, पाद्र्याची प्रार्थना आणि संगमरवरी दगड मिळाला. दुसरीला नाल्याचा काठ मिळाला. रुख्माच्या लोकांत तान्ह्या लेकराला जाळत नाहीत. नाल्याकाठी पुरतात आणि वर खूण ठेवीत नाहीत. त्या नाल्याकडे रुख्मा फिरकत नसे. स्वतःची पोर विसरली आणि साहेबाची धरून बसली, असे वस्तीतल्या बायका तिच्या पाठीमागे म्हणत. कधी तोंडावरही म्हणत.

विटमोरसाहेब हा मार्गारेटचा भाऊ, तिच्या मागून विलायतेत जन्मलेला. त्याने खिशातून एक फोटो काढला. दगडी बुरूज, गवतात कललेले दगड, एक काळेभोर झाड.

तो सांगत गेला तसे ईश्वरदास पुढे सांगत गेला. "हे त्याइच्या गावचं चर्च. आठशे वर्षांचं हाये म्हणते. घराण्यातल्या साऱ्या लेकरायची नावं एकाच दगडी कुंडीतल्या पाण्यानं ठेवली, आन् मेल्यावर सारे त्याच आवारात निजले. बाप तिथंच, माय बी तिथंच. मायनं मरताना वचन घेतलं, पोरीले माह्याजवळ आणजो. जागा राखून ठेवली हाये तिनं. भिंतीवर पोरीचं नाव बी कोरून ठेवलं."

रुख्माने फोटो हातात घेतला नाही.

"म्हंजे पेटी नेऊन राहिले?"

"उद्या सकाळी."

"कायले? तिले इथची सवय झाली आता."

"काऊन वो, त्याइचीच पोर हाये. हे लोक गेले का इथं ढोरं चरतीन. कोन पाहीन तिच्याकडं?"

"मी पाहीन."

"आन् तुह्या मागून?"

रुख्मा दगडावर पडलेला पाचोळा झाडू लागली.

साहेबाने हलक्या आवाजात आणखी एक गोष्ट विचारली. त्याच्या आईला त्या दिवसाचे काहीच आठवत नव्हते. ती तापाने बेशुद्ध होती. मार्गारेटला शेवटचे कोणी पाहिले होते?

"मीच," रुख्मा म्हणाली. "मीच न्हाऊ घातली, मीच गुंडाळून पेटीत ठेवली. याइचे बाप, बडे साहेब, लाइनीवरून आले तवा झाकण ठोकून झालं होतं."

साहेबाने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्याचे डोळे भरून आले होते. रुख्माचे ओठ हलले. तिने ईश्वरदासाकडे पाहिले, मग थडग्याकडे पाहिले, आणि हात सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी धुके विरल्यावर माती उकरली. साग टिकला होता. गड्यांनी पेटी वर काढून बैलगाडीत ठेवली. रुख्मा आंब्याला टेकून उभी होती. गाडी जुंपली तशी ती पुढे आली.

"तिथं थंडी असते का?"

"बर्फ पडते म्हणते," ईश्वरदास म्हणाला.

तिने खांद्यावरची घोंगडी काढली आणि पेटीवर पसरून चारी बाजूंनी खोचली. ईश्वरदास अडवायला सरसावला; साहेबाने मान हलवून त्याला थांबवले.

"जवळ कोन राहीन तिच्या?"

"तिची माय. आणखी कोन?"

रुख्माने घोंगडीचे टोक पुन्हा खोचले. "हो," ती म्हणाली. "माय पायजे जवळ."

स्टेशनच्या वळणावर गाडी दिसेनाशी झाली. रुख्माच्या ओच्यातली झेंडूची फुले तशीच होती. उकरलेल्या खड्ड्याशी ती थांबली नाही. धानाच्या कापलेल्या शेतांतून चालत ती नाल्यावर आली. काठावरच्या एका पळसाखाली, जिथे काहीच खूण नव्हती, तिथे तिने न चाचपडता हाताने पाचोळा सारला, फुले ठेवली आणि ती खाली बसली.

"मार्गारेट बेबी," ती म्हणाली, "तुहा भाऊ आला होता. माह्या पोरीले घेऊन गेला."