निळे लाडू

डेंग्यूतून उठल्यापासून कोकिळाअक्कांचं आतडं संपावर गेलं होतं. डासाच्या तापानं आतड्यातल्या नसा मरतात का, हे शोधायला मी धुळ्याहून त्यांच्या गावी जायचे. खाल्लेलं बाहेर पडायला किती वेळ लागतो ते कळावं म्हणून मी अक्कांना खायचा निळा रंग घातलेले लाडू दिले. "सगळे तुम्हीच संपवा आणि शौचाला निळं दिसलं की लाडवांच्या डब्यावरच्या नंबरला फोन करा. आठवडाभरात दिसलं नाही, तर नसा गेल्या समजायचं." अक्कांचा चेहरा उतरला. दुसऱ्या सकाळी फोन वाजला, "मॅडम, निळं आलं!" पण आवाज शेजारच्या मांगीलालशेठचा होता. मग त्यांच्या सुनेचा फोन आला, मग गिरणीवाल्या वनाआबांचा. मी तडक गाव गाठलं आणि अक्कांवर चिडले. "मी एकलीच कशी खाऊ? बठ्ठी गल्ली दारमा बशेल व्हती," त्या म्हणाल्या. सगळ्या गल्लीला वाटून स्वतःला त्यांनी एकच लाडू ठेवला होता. तुलनेसाठी निरोगी माणसं मला मिळता मिळत नव्हती, ती आयती गल्लीभर मिळाली, म्हणून मी राग गिळला. त्यानंतर रोज संध्याकाळी गल्ली अक्कांच्या ओट्यावर जमायची, "काय अक्का?" विचारायची आणि अक्का नुसती नकारार्थी मान हलवायच्या. मलाही फोनकडे बघवेना. आठवड्याच्या अगदी शेवटच्या दुपारी तो वाजला. पलीकडे इतका गलका होता की आधी काही कळेना. "उनं व माय, निळं उनं!" अक्का ओरडत होत्या. "आते पिवळा लाडू धाड, बठ्ठी गल्लीले वाटू!"