मोरीच्या पाण्यावरचा सोनटक्का

"घे हे खुरपं," चंद्रभागा म्हणाली.

"नाय," असं म्हणून सुंदराने दोन्ही हात पदराखाली घेतले.

दोघी मागच्या अंगणात, तळ्याच्या काठावर उभ्या होत्या. तळं म्हणजे चार पावलांचं. त्याच्या कडेने चंद्रभागेने जुनी ताडपत्री पुरून चिखलाचा पट्टा केला होता. तळं भरलं की पाणी हळूच त्या पट्ट्यात उतरायचं, त्यामुळे उन्हाळ्यातही तिथे पाय घोट्यापर्यंत रुतायचा. वेखंड, अळू, कर्दळ, सगळंच त्यात माजलं होतं. आणि मधोमध, छातीएवढा उंच सोनटक्का. आज संध्याकाळी तेरा कळ्या उमलणार होत्या. चंद्रभागेने सकाळपासून तीनदा मोजल्या होत्या.

"पाचला कमलेश येईल तुला न्यायला. मग काय करशील?"

"तूच दे ना गं काढून."

"तीनदा दिला. तीनदा कुजला. आता मी देणार नाय. रोप चोरून नेलं तरच लागतं, हे काय मी तुला सांगायचं?"

सुंदराला ते ठाऊक होतं. शेलूला लेकाच्या, कमलेशच्या, तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत तिने टबभर चिखल तयार ठेवला होता. रोज त्यात बोट बुडवून ओल बघायची. परवा पौर्णिमा. दर पौर्णिमेला बुद्धाच्या मूर्तीपुढे ती बाजारातलं पांढरं फूल ठेवायची. ते फूल गार असायचं आणि त्याला कसलाच वास नसायचा. एक तरी फूल घरचं असावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

"न दिलेलं घेणार नाय, असं दर पौर्णिमेला म्हणते मी," ती म्हणाली. "सत्तर वर्षं शील सांभाळलं आणि आता चोरी करू व्हय?"

"रोपाची चोरी ती काय चोरी?"

"मग तूच तिला चोरी कशाला म्हणतेस?"

चंद्रभागेने खुरपं पुन्हा पुढे केलं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिची सून मेघा डोकावली.

"मावशी, मी देते की काढून! मातीसकट पिशवीत घालते."

"नको!" दोघी एकदम ओरडल्या.

मेघाचं डोकं आत गेलं.

चंद्रभागा धुण्याच्या दगडावर बसली. खुरपं या हातातून त्या हातात घेत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "सुंदरे, हा सोनटक्का तुझाच हाय."

"माझा कसा?"

"तुझ्या जुन्या घराच्या मोरीच्या पाण्यावरचा. नरेशच्या वेळेला मला त्या वासाचे डोहाळे लागले व्हते. तुझी सासू तर पानाला हात लावू देत नव्हती. तू दुपारी भाकऱ्या करत बसली असशील म्हणून आले, कंद उपटला नि पळाले. बेचाळीस वर्षं झाली. विहारात शील म्हणताना त्या ओळीला आजूनबी माझा आवाज बारीक व्हतो."

सुंदराचे खांदे हलायला लागले. ती हसत होती.

"कसल्या भाकऱ्या! मी मोरीच्या दारातच उभी व्हते. तू गाळात बसलेली, पदर सगळा चिखलात. एका हातानं पोट सावरतेस, दुसऱ्या हातानं कंद ओढतेस. मनात म्हटलं, हिनं मला बघितलं तर लाजंल बिचारी. म्हणून तोंड फिरवलं नि भिंतीकडं बघत ऱ्हायले. सासूला सांगितलं, रानडुकरानं उकरलं."

"डुकरानं?"

"मग काय तुझं नाव सांगू?"

"मला डुक्कर केलंस! आणि खोटं बी बोललीस!"

"बोलले."

चंद्रभागा ताडकन उठली. गुडघे दुखतात हे ती विसरून गेली होती. "बेचाळीस वर्षं! अगं, बेचाळीस वर्षं मी पुटपुटतेय, आणि तू शेजारी बसून मोठ्यानं म्हणतेस!"

"तू बी म्हणायचं मोठ्यानं. मी कुठं अडवलं व्हतं?"

चंद्रभागेला हसू येत होतं, डोळेही भरत होते. परवा विहारात पहिल्या रांगेत बसायचं, तिने मनाशी ठरवलं. तिने खुरपं सुंदराच्या पायांशी टाकलं, गर्रकन वळली आणि घराच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मागे चपला काढल्याचा आवाज आला. मग चिखलात पाय रुतल्याचा.

"डावीकडं सरक," चंद्रभागा भिंतीला म्हणाली. "तिथं वेखंड हाय."

"तू बघतेस!"

"नाय गं बघत. चिखल कुठं वाजतो ते ऐकू येतंय."

मेघा चहाचे तीन कप घेऊन मागच्या दारी आली. सासू भिंतीपासून वीतभर अंतरावर, हाताची घडी घालून, सिमेंटकडे बघत उभी. काय झालं म्हणून विचारायला तिने तोंड उघडलं, तोच तिची नजर तळ्याकडे गेली. ती थबकली. तिने ट्रे धुण्याच्या दगडावर अलगद ठेवला आणि सासूच्या शेजारी जाऊन, तशीच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मागे चिखलाने मोठा, ओला आवाज करून कंद सोडला.

पुढच्या दारी कमलेशच्या गाडीचा हॉर्न वाजला. भिंतीकडे तोंड केलेल्या दोघींपैकी कुणीही वळलं नाही.